शेंडेखुडणीच्या दिवसांतले हातमोजे

कार्तिक संपत आला की बेळगावच्या अनगोळात सकाळचं दव जाणवायला लागतं. परसातल्या गुलाबांच्या पानांवर ते ऊन येईतो बसून असतं. काल उरलेल्या दोन झाडांची छाटणी करायची होती, म्हणून कात्री काढली आणि हातमोजे घातले. जाड कापडाचे, तळव्याला रबर चढवलेले, मनगटाच्या वर चार बोटं येणारे. गुलाबाला असेच लागतात. छाटणी झाली आणि शेजारच्या वाफ्यात मेथी पेरायला बसले, तेव्हा ते काढून ठेवले. मेथीचं बी चिमटीतून सोडायला उघडी बोटंच लागतात. ओल किती आहे तेही बोटालाच कळतं.

कुठल्या कामाला कसला हातमोजा आणि कुठल्या कामाला कसलाच नको, हे आता मला आपोआप कळतं. साठीपर्यंत कळत नव्हतं. चार वर्षांपूर्वीच्या एका थंडीत, सदलग्याच्या रानात मी ते शिकले. शिकले मी, पण जखम झाली माझ्या धाकट्या बहिणीला.

विमल माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी शिकले, शिक्षिका झाले, बेळगावात आले. तिनं सातवीनंतर शाळा सोडली आणि सदलग्याजवळच्या शेतकऱ्याच्या घरात सून म्हणून गेली. तिचे यजमान नेमगोंडा, म्हणजे नेमूअण्णा, दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारे गृहस्थ. घरची थोडी तंबाखू, थोडा ऊस, दोन म्हशी. मी त्या वर्षी निवृत्त झाले होते. चाळीस वर्षं घंटेवर उठलेल्या माणसाला घंटा थांबली की घर खायला उठतं. माझे यजमानच म्हणाले, महिनाभर विमलकडं जाऊन ये. मी पिशवी भरली आणि गेले.

त्या रानातली सकाळ मला अजून आठवते ती आधी वासानं. हिरव्या तंबाखूचा वास सुक्या तंबाखूसारखा नसतो. तो ओला, जड, थोडा गोडसर असतो आणि नाकापेक्षा घशात जास्त बसतो. छातीएवढ्या झाडांच्या ओळी, ताटासारखी रुंद पानं, पानांवर दव आणि वर गुलाबी फुलांचे तुरे. हे तुरे ठेवून चालत नाही. शेंडा खुडला की झाडाचा जोर पानात उतरतो. मग बगलेतून नवे फुटवे येतात, तेही वरचेवर काढायचे. हे सगळं हातानं. झाडाचा रस गुळासारखा चिकट असतो. सकाळी आत शिरलेल्या बायका अकराला बाहेर आल्या की त्यांचे तळवे काळे कुळकुळीत दिसत. लिंबाची फोड चोळली, राख चोळली, तरी नखांच्या कडेला ते काळं राहायचंच.

मी गेल्याच्या चौथ्या दिवशी विमल मधूनच ओळीबाहेर आली आणि बांधावर बसली. तोंड पांढरं पडलेलं. मी पाणी घेऊन गेले तोवर तिला उलटी झाली.

"काय झालं गं? काय खाल्लंस?"

"काय न्हाय, आक्का. तंबाखू लागली," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "दरवर्सी लागती. सांजपत्तोर उतरंल."

सांजेपर्यंत उतरली नाही. आम्हा जैनांकडं दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. सूर्य उसाच्या मागं गेला तरी तिला ताटाकडं बघवेना. ती तशीच उपाशी निजली. नेमूअण्णा उंबऱ्यावर बसून म्हणाले, "आमची आई बी अशीच निजायची, ह्या दिसात." इतक्या शांतपणे म्हणाले की मला राग आला. जी गोष्ट दरवर्षी होते ती होऊ द्यायची असते, असं त्या घरात कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं आणि पुढं कुणी विचारलंच नव्हतं.

मी विचारायचं ठरवलं. शाळेत मी विज्ञान शिकवायचे. मोबाइलवर वाचलं तेव्हा उलगडा झाला. पान ओलं असलं की तंबाखूतलं विष त्या ओलाव्यात उतरतं आणि हाताच्या कातडीतून अंगात जातं. मग चक्कर, मळमळ, उलटी. उपाय मला एका क्षणात सुचला. हातमोजे.

दुसऱ्या दिवशी निपाणीला जाऊन एका दुकानातून पांढऱ्या सुती हातमोज्यांचा गठ्ठा आणला. गवंडी, हमाल वापरतात तसले, विणलेले, सैल. "सगळ्यांना एकच माप, बाई. कुणालाबी बसतंय," दुकानदार म्हणाला. मला ते फार सोयीचं वाटलं. बांधावर उभी राहून मी पेपर वाटावेत तसे ते वाटले आणि वरून पाच मिनिटं भाषणही दिलं.

कामाला सहा बायका होत्या. त्यांच्यात इरव्वा सगळ्यांत जुनी. वीस वर्षं विमलच्या रानात येणारी, घरी कन्नड बोलणारी, आमच्याशी मराठी बोलताना मधूनच कन्नडावर जाणारी. तिनं हातमोजे चढवले, दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाली, "चंद हाय की. लगीन हाय काय कुणाचं?"

सगळ्या हसल्या आणि आत गेल्या. मी समाधानानं चहा केला.

तिसऱ्या दिवशी इरव्वा आली नाही. चौथ्या दिवशी आली ती हातमोजे हातात घेऊन. पांढरे राहिलेच नव्हते. काळपट, कडक, वाळलेल्या शेणासारखे झाले होते. तिनं ते माझ्यापुढं ठेवले आणि तळवे उघडून दाखवले. तळवे लाल झाले होते.

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "आदी हात भिजायचा आनि वाळायचा. आता ह्ये भिजलेलं फडकं दिसभर हाताला बांदल्यागत हुतंय. परवा मला लई वकारी झाली. सून म्हनली, अत्ती, नको जाऊ."

मी त्या हातमोज्यांकडं बघत राहिले. सूत पाणी शोषतं हे मी पाचवीच्या मुलांना शिकवलं होतं. इथं मी सहा बायकांच्या हातांना तंबाखूच्या रसाचं पोटीस बांधून दिलं होतं आणि चहा पीत बसले होते. पण शिक्षकाची खोड अशी की चूक कळली की तो लगेच दुसरं उत्तर लिहायला घेतो. मी चिकोडीला गेले आणि दुकानात म्हटलं, रस आत जायला नको असा हातमोजा द्या. दुकानदारानं पिवळट, जाडजूड जोड काढून दिला. ह्यातून काही आत जात नाही, म्हणाला. मी एकच आणला, परीक्षेपुरता.

विमलनं तो हातात घेतला, नाकाला लावला आणि लगेच अंगणातल्या दगडावर ठेवला.

"आक्का, हे कातड्याचं हाय."

मला खरंच कळलं नव्हतं. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाताना आम्ही कमरेचा कातडी पट्टासुद्धा घालत नाही, आणि मी जनावराचं कातडं घेऊन तिच्या दारात आले होते. नेमूअण्णा गोठ्यातून बघत होते. त्यांनी येऊन हात धुवायला तिच्यापुढं तांब्या ठेवला. तो जोड मी रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याला देऊन टाकला. त्याला तो इतका आवडला की त्यानं तिथंच घालून काम सुरू केलं. ज्या कामासाठी तो केला होता त्या कामापर्यंत तो पोचला, एवढंच त्यातलं बरं.

उरलेले पांढरे हातमोजे विमलनं सोडा घालून उकळले, तारेवर वाळवले आणि वाटून टाकले. रानात ते कुणी घालेना. पण मार्गशीर्षातली थंडी त्या वर्षी बोचरी होती, म्हणून गोठ्यातल्या कामाला विमल एक जोड घालायला लागली. मी बघत होते. मला बरंच वाटत होतं, निदान काहीतरी उपयोगाला आलं म्हणून.

तो दिवस मंगळवार होता. ऊन नुकतंच गोठ्याच्या पत्र्यावर आलं होतं. मी आत भाकरी थापत होते. बाहेर कडबाकुट्टीचं यंत्र चालू होतं. कडब्याची पेंडी तोंडातून आत सारायची, आतले दाते ती ओढून घेतात, पाती तुकडे करते. विमल हे काम तीस वर्षं करत आली होती, आधी हातानं चाक फिरवून आणि पुढं मोटारीवर. यंत्राचा आवाज एकदम बदलला, जड झाला. विमल ओरडली नाही. "अगं," एवढंच म्हणाली, कुणाला तरी हाक मारावी तसं.

इरव्वा विळा न्यायला दारात आली होती. तिनं धावत जाऊन भिंतीवरचं बटण खाली ओढलं. मी पिठाच्या हातानं बाहेर आले तेव्हा यंत्र थांबलेलं होतं आणि हातमोज्याचं सूत दात्यात अडकून विमलचा उजवा हात तोंडाशी धरून ठेवलेला होता. पांढरं सूत लाल होत चाललं होतं. नेमूअण्णांनी चाक हळूहळू उलटं फिरवलं. इरव्वा विमलचं डोकं छातीशी धरून कन्नडमधून सारखं एकच म्हणत होती, "ए तंगी, नोडबेड, नोडबेड." बघू नको, बहिणी, बघू नको.

चिकोडीच्या दवाखान्यात करंगळीशेजारच्या बोटाचं वरचं पेर काढावं लागलं. मधल्या बोटाला टाके पडले. बाकी हात वाचला. डॉक्टर तरुण होते. पट्टी झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"हातमोजे घालून यंत्रावर काम करत होत्या?"

"हो."

"फिरणाऱ्या यंत्राजवळ हातमोजा कधीच घालायचा नसतो. त्यातून सैल आणि सुती तर नाहीच. उघडा हात असता तर मागं घेता आला असता. सूत अडकलं की ते हाताला घेऊनच आत जातं." मग त्यांनी सहज विचारलं, "कुणी दिले होते?"

"मी," मी म्हटलं.

बाहेर बाकावर इरव्वा बसली होती. तिच्या लुगड्यावर रक्ताचे डाग होते आणि ती उघड्या दारातून आतल्या नर्सकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, घाबरून बघतेय.

पुढचे आठ दिवस मी त्या घरात होते, पण मला तिथं कुठं बसावं ते कळत नव्हतं. स्वयंपाक करायची, म्हशींना पाणी दाखवायची, विमलची वेणी घालायची. गावातल्या दोन बायका बघायला आल्या. त्यांच्यातली एक पायरीवर चप्पल घालताना म्हणाली, "मास्तरणीच्या हातमोज्यानं बोट खाल्लं बघ." मला ऐकू जावं म्हणून म्हणाली नव्हती, पण ऐकू आलंच. त्यात खोटं काय होतं? रानात शेंडे खुडायचे राहिले होते. झाडं वर वर चालली होती, तुरे उमलत होते. बायका बिनहातमोज्याच्या पुन्हा दवात जात होत्या आणि पुन्हा तोंडं पांढरी करून बाहेर येत होत्या.

नवव्या दिवशी मी पिशवी भरायला घेतली. विमल चुलीपुढं हात मांडीवर ठेवून बसली होती.

"कुटं निघालीस?"

"घरी. माझ्यामुळं झालं सगळं. आता इथं राहून आणखी काय करू?"

ती म्हणाली, "तू सांगितलं असतंस ना, आक्का, की यंत्राफुडं काडून ठेव, तरी मी काडलं नसतं."

"का?"

"थंडी वाजत हुती." तिनं लाकूड पुढं सारलं, डाव्या हातानं. "तीस वर्सं ह्या दिसात बोटं गार दगडागत हुत्यात माजी. त्या दोन आटवड्यात पैल्यांदा उबार हुती. मला काडू वाटंना. ते तुला कसं ठावं असनार?"

आमच्या भागात बायकाही "मी येतो, मी जातो" असंच बोलतात. शाळेत मी चाळीस वर्षं "येते, जाते" लिहायला लावलं. विमल त्या दिवशी पुढं म्हणाली, "तू जा म्हनत असशील तर मी सोडायला येतो. पर अर्धं काम टाकून कशापाय जातीस?" मी पिशवीतली साडी काढून परत खुंटीवर टाकली.

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधी, इरव्वा आली. पायरीवर बसली. तिला माझ्याशीच बोलायचं होतं.

"बाई, त्या नर्सबाई हातात काय घालत हुत्या? पातळ, फुग्यागत. त्येंनी रक्त पुसलं, औषध लावलं, आनि काडलं तर आत हात कोरडा. मी बगत बसलेली." ती थांबली. "माजी सून पोटुशी हाय. तीन महिनं झालं. ती बी येती रानात, घरात ऱ्हा म्हनलं तर ऐकत न्हाय. तसलं कायतरी आमास्नी घावंल काय?"

मी मोबाइलवर वाचलं होतं, भाषण दिलं होतं. तिनं रक्तानं माखलेल्या लुगड्यात बाकावर बसून नीट पाहिलं होतं. मी पहिल्यांदा तिला विचारलं, जे मी आधीच विचारायला हवं होतं. खुडताना तुमची बोटं नक्की काय करतात? तिनं हवेत करून दाखवलं. अंगठा आणि पहिलं बोट शेंड्याच्या खाली जातात, आत नख लागतं, मनगट वळतं, काडकन मोडतं. "जाड असंल तर शेंडा कळत न्हाय," ती म्हणाली. "कवळा कुटं, निबार कुटं, ते बोटाला कळाय पायजे. सैल असंल तर पानात अडकतं. पातळ असंल तर दुपारपत्तोर फाटंल."

"आणि माप?"

"माप आता काय सांगू? ज्येचा हात त्येचा."

दुसऱ्या दिवशी मी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून ओट्यावर मांडली. बायका एकेक करून आल्या, पानावर हात ठेवला आणि मी पेन्सिलनं कडेनं रेघ ओढत गेले. पेन्सिल दोन बोटांच्या बेचक्यात शिरली की गुदगुल्या व्हायच्या आणि त्या हात ओढून घ्यायच्या. इरव्वाच्या हाताचं चित्र पूर्ण झालं तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडं बघत होती. "एवढा मोटा हाय काय माजा हात?" ती म्हणाली. तिची सून लाजत आली. तिचा हात इरव्वाच्या निम्मा होता. एकच माप कुणालाबी बसतंय, असं म्हणणाऱ्याला ती दोन पानं शेजारीशेजारी ठेवून दाखवावीत असं मला वाटलं.

सगळ्या गेल्यावर विमल आली. पट्टी सुटली होती, टाके निघाले होते, पण ती हात पदराखाली ठेवायची. तिनं तो काढला आणि पानावर ठेवला.

"ह्यो बी काड."

मी रेघ ओढायला सुरुवात केली. अंगठा, पहिलं बोट, मधलं. चौथ्या बोटाशी माझी पेन्सिल लवकर वळली. करंगळीवरून उतरून मी मनगटापर्यंत आले तेव्हा विमल म्हणाली, "बरं आलंय."

ती पानं घेऊन मी बेळगावला आले. खासबागेच्या बाजूला कारखान्यांना लागणारं सामान विकणारं एक जुनं दुकान आहे. मालक म्हातारे, कन्नड बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवणारे. मी पानं काउंटरवर मांडली आणि काय काम आहे ते सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही "हे घ्या" म्हटलं नाही. पान किती वेळ ओलं असतं, दिवसातून किती तास, हातात विळा असतो का, असं विचारत राहिले. मग आतून तीन खोके आणले. एकात पातळ विणलेल्या हातमोज्याला तळव्याकडून बोटांपर्यंत निळं रबर चढवलेलं. "हे नको," ते म्हणाले, "मागची बाजू उघडी आहे, दव तिथून शिरेल." दुसऱ्यात दवाखान्यातले, फुग्यासारखे. "हे तासाभरात जातील." तिसऱ्यात पातळच, पण जरा दमदार, कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत येणारे, सगळीकडून निळंच रबर. हातात घालून त्यांनी काउंटरवरची टाचणी उचलून दाखवली. "हे. पण घाम येईल. दोन जोड द्या प्रत्येकीला, दुपारी बदलायला. रोज धुवायचे, आतूनही. भोक पडलं की टाकून द्यायचं, शिवून वापरायचं नाही."

मग त्यांनी मापाची पट्टी घेऊन एकेक पान मोजलं आणि पानावर कोपऱ्यात आकडा लिहिला. विमलच्या पानाशी थांबले.

"रेघ चुकलीय का, बाई?"

"नाही. तसंच आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा पाहिलं. "रिकामं बोट लोंबत ठेवू नका," ते म्हणाले. "आतल्या बाजूला ढकला, गाठ आत येऊ द्या. बाहेर काही राहता कामा नये." त्यांनी स्वतःच एक हातमोजा घेऊन ते करून दाखवलं आणि मला करायला लावलं. मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं.

ते हातमोजे घेऊन मी सदलग्याला गेले तेव्हा पहिला निर्णय विमलनं घेतला. दव उतरल्याशिवाय कुणी ओळीत जायचं नाही. एक बाई म्हणाली, मग काम कधी उरकणार? नेमूअण्णा म्हशीच्या दाव्याला गाठ मारत होते. "चार दिस जास्त लागतील," ते म्हणाले. त्यावर चर्चा झाली नाही. इरव्वाच्या सुनेला विमलनं रानाऐवजी घराकडं बोलावलं, शेंगा फोडायला. पोटुशी बाईनं हातमोजे घालूनसुद्धा त्या पानांत जाऊ नये, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आणि ह्या खेपेला मी ते आधी विचारून आले होते.

बायका निळ्या हातांनी ओळीत शिरल्या. दिवसभर मी दहा वेळा बांधावरून विचारलं असेल, कसं वाटतंय. "घाम येतोय," "अंगठ्यात घट हाय," अशी उत्तरं आली. संध्याकाळी बाहेर आल्यावर इरव्वानं हातमोजे काढले. तळवे पांढरे, सुरकुतलेले, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखे होते. तिनं ते हुंगले. मग माझ्या नाकापुढं धरले. घामाचा वास होता, तंबाखूचा नव्हता. विमल त्या संध्याकाळी सूर्य उसाच्या वर असतानाच जेवली, दोन भाकरी.

सगळं एकदम चांगलं झालं असं नाही. दोघींना रबरानं पुरळ उठलं, त्यांना आत पातळ सुती हातमोजा घालावा लागला. म्हणजे सूत शेवटी कामाला आलं, पण कोरड्या जागी. विमलला यंत्रापुढं उभं राहायला दोन महिने लागले. नेमूअण्णांनी यंत्राच्या तोंडाला लाकडाचं लांब पन्हाळ बसवलं आणि पेंडी ढकलायला काठी केली. भिंतीवर मी रंगानं लिहिलं, हातमोजे काढा. मराठीत लिहिलं, खाली कन्नडमध्येही लिहिलं. इरव्वा म्हणाली, मला दोन्ही वाचाय येत न्हाय. मग मी शेजारी एक उघडा पंजा काढला. तो इरव्वाच्या कॅलेंडरच्या पानावरूनच गिरवला.

आता चार वर्षं झाली. शेजारच्या दोन रानांतल्या बायकाही दव उतरायची वाट बघतात म्हणे. सगळ्या नाही. काही रानांत अजून पहाटेच शिरतात. पण विमलकडं दिवाळीच्या सुमारास कुणी ना कुणी हात मापायला येतं आणि ती मला फोन करून आकडे सांगते. उसाचं पाचट काढायला बाही लांब हवी, मिरची तोडल्यावर हातमोजा न धुता डोळ्याला हात लावायचा नाही, तरू, म्हणजे रोपं, लावताना हात उघडा हवा, हे आता ती मला सांगते आणि मी ऐकते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तो वेगळाच होता. इरव्वा नातवाचं जावळ काढायला माहेरच्या देवाला गेली होती आणि शेंडेखुडणीला एक बाई कमी पडत होती. "तू येशील काय?" तिनं विचारलं. मला वाटलं स्वयंपाकाला. मी गेले.

दव उतरलं होतं. विमलनं एक नवा जोड माझ्या हातात दिला. मी घातला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत नेमका बसला. माझ्या हाताचं पान तर कधी काढलंच नव्हतं.

"माप कसं कळलं तुला?"

"बांगड्या कोन चडवत हुतं तुला, लग्नात?" ती म्हणाली आणि मला खुडायची ओळ दाखवली. "ही पात तुजी."

चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा तंबाखूच्या ओळीत शिरले. आजवर मी ह्या रानाच्या बांधावर उभी राहत आले होते. पानं दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती. पहिले दोन शेंडे मी फार खाली खुडले, विमलनं शेजारच्या पातीतून न बघता सांगितलं, "वर धर." मग हळूहळू बोटाला कळायला लागलं, कोवळं कुठं संपतं आणि निबर कुठं सुरू होतं. बाकीच्या बायका केव्हाच पुढं गेल्या. त्यांचं बोलणं लांब गेलं, मग ऐकू येईना. कंबर भरून आली. मान वर केली तर माझ्यापुढं तुऱ्यांची सगळी ओळ तशीच डोलत उभी होती.

मी खाली मान घालून खुडत राहिले. थोड्या वेळानं समोरून काडकाड आवाज यायला लागला. विमल तिची पात संपवून वळली होती आणि माझ्या पातीच्या पलीकडच्या टोकानं आत शिरून माझ्या दिशेनं येत होती. पानांच्या मधून आधी तिचे निळे हात दिसले, मग कपाळ. आम्ही समोरासमोर आलो तेव्हा दोघींच्या मधे एकच झाड उरलं होतं.

"खुड," ती म्हणाली. "तुज्या पातीचं हाय."